एडिथ कोवन : ऑस्ट्रेलियातील पहिल्या महिला आमदार

विद्यार्थी मित्रांनो, वर्गाच्या भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशासमोर क्षणभर उभे राहा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर बोट ठेवून ते दक्षिणेकडे, मग आग्नेयेकडे नेत गेल्यास हिंदी महासागराच्या पैलतीरी ऑस्ट्रेलिया खंडाचा पश्चिम किनारा लागतो. तेथे स्वान नदीच्या काठी पर्थ नावाचे नगर वसले आहे. या नगरातील किंग्ज पार्क नामक विस्तीर्ण उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी घड्याळाचा एक मनोरा उभा आहे. असे मनोरे बहुधा राजांच्या किंवा सेनापतींच्या नावाने उभारले जातात. हा मनोरा मात्र पाच मुलांच्या एका मातेच्या स्मरणार्थ तेथील नागरिकांनी उभारला. त्या मातेचे नाव एडिथ कोवन. ऑस्ट्रेलियातील कोणत्याही विधिमंडळात निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला होत. त्यांच्या आमदारकीची मुदत अवघी तीन वर्षांची. परंतु त्या तीन वर्षांच्या मागे तीस वर्षांची मूक सेवा होती आणि त्या सेवेच्याही मागे एका पोरक्या मुलीचे दुःख होते. ही सारी हकिकत मुळापासून समजून घेण्यासारखी आहे.

एडिथ यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी जेराल्डटन या बंदराच्या गावाजवळील ग्लेनगॅरी येथे झाला. त्या काळी पश्चिम ऑस्ट्रेलिया ही ब्रिटिशांची एक वसाहत होती. इ. स. १८२९ मध्ये स्थापन झालेल्या या वसाहतीत गोऱ्या लोकांची वस्ती अगदी विरळ होती आणि मेंढपाळीची मोठमोठी कुरणे हेच तेथील संपत्तीचे साधन होते. एडिथचे वडील केनेथ ब्राऊन हे अशाच कुरणांचे मालक असून नव्या प्रदेशांचा शोध घेणारे धाडसी गृहस्थ म्हणूनही त्यांची ख्याती होती. आई मेरी एलायझा ही शिक्षिका होती. आईचे वडील विटनूम हे वसाहतीचे सरकारी धर्मोपदेशक होते. अशा प्रतिष्ठित व सुखवस्तू घरात जन्मलेल्या मुलीच्या वाट्याला सुखच येणार, असे कोणालाही वाटले असते.

परंतु एडिथ सात वर्षांची असताना, १८६८ साली, तिची आई बाळंतपणात मरण पावली. वैद्यकीय मदत दूर, दवाखाना त्याहून दूर, अशा त्या माळरानावर बाळंतपण हे प्रत्येक स्त्रीला जणू मृत्यूच्या दारात उभे करीत असे. आईविना राहिलेल्या एडिथला पर्थ येथील निवासी शाळेत पाठविण्यात आले. ही शाळा कोवन घराण्यातील भगिनी चालवीत असत. इकडे वडिलांनी दुसरा विवाह केला. पण तो सुखाचा ठरला नाही. मद्याचे व्यसन वाढत गेले, घरात कलह माजला, आणि जानेवारी १८७६ मध्ये जेराल्डटन येथे केनेथ ब्राऊन यांनी आपल्या दुसऱ्या पत्नीवर गोळी झाडून तिचा प्राण घेतला. खटला एकदा चालला, दुसऱ्यांदा चालला; दोन्ही वेळा पंचांचे एकमत होऊ शकले नाही. तिसऱ्या खेपेस दोष सिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्यांना फाशी देण्यात आली.

त्या वेळी एडिथचे वय होते अवघे चौदा वर्षांचे. लहानशा वसाहतीत सर्वांना सर्वांची माहिती असते. ज्या नावाचा कालपर्यंत अभिमान बाळगावा, तेच नाव एका दिवसात लोकांच्या कुजबुजीचा विषय झाले. अशा प्रसंगी मनुष्य एक तर कडवट होतो किंवा खचून जातो. एडिथ एकलकोंडी झाली, मितभाषी झाली. परंतु खचली नाही. शाळा सोडून ती पर्थजवळच्या गिल्डफर्ड गावी आजीकडे राहावयास गेली. तेथे कॅनन स्वीटिंग नावाच्या विद्वान धर्मोपदेशकापाशी तिचे पुढील शिक्षण झाले. वाचनाची गोडी आणि शिक्षणावरील अढळ श्रद्धा या दोन गोष्टी तिला याच काळात मिळाल्या व त्यांनी तिची साथ अखेरपर्यंत सोडली नाही.

वयाच्या अठराव्या वर्षी, १२ नोव्हेंबर १८७९ रोजी, जेम्स कोवन यांच्याशी एडिथचा विवाह झाला. ज्या भगिनींच्या शाळेत ती शिकली, त्यांचेच हे बंधू. जेम्स कोवन हे सर्वोच्च न्यायालयात निबंधकाच्या अधिकारपदावर होते. या दांपत्यास चार मुली व एक मुलगा अशी पाच अपत्ये झाली. पुढे १८९० साली जेम्स हे पर्थ येथील पोलीस न्यायालयाचे दंडाधिकारी झाले. संसाराला स्थैर्य आले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नगरातील दुःखाचे सारे प्रवाह ज्या एका जागी येऊन मिळतात, त्या जागेचे म्हणजे पोलीस न्यायालयाचे दर्शन एडिथबाईंना घरबसल्या होऊ लागले. नवऱ्याने टाकलेली बायको, पोटासाठी चोरी करणारे पोर, दारुड्याच्या घरातील मार खाणारी मुले, फसविली गेलेली तरुण मुलगी, अशांच्या कहाण्या पतीच्या तोंडून त्यांच्या कानी येत. दुसऱ्या एखाद्या गृहिणीने ऐकून सुस्कारा टाकला असता. एडिथबाईंना मात्र या प्रत्येक कहाणीत ओळखीचे काही दिसत असले पाहिजे. निराधार मूल म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

सेवेची इच्छा पुष्कळांना असते. तिला संघटनेची जोड मिळाली तरच ती फळास येते. ही जोड १८९४ साली मिळाली, आणि तिच्याशी आपल्या मुंबईचाही थोडा संबंध आहे. एमिली रायडर नावाच्या एक अमेरिकन स्त्री-डॉक्टर पूर्वी मुंबईत वैद्यकी करीत असत. हिंदुस्थानातील बालवधूंचे हाल पाहून त्यांनी बालविवाहाविरुद्ध लेखणी व वाणी झिजविली होती. या बाई व्याख्यानांच्या दौऱ्यावर पर्थला आल्या. तेथील काही स्त्रियांचे एक लहानसे वाचनमंडळ होते. त्याचे रूपांतर रीतसर संस्थेत करावे, असे रायडरबाईंनी सुचविले आणि त्यातून कॅराकाटा क्लब जन्मास आला. ऑस्ट्रेलियातील स्त्रियांचा हा पहिला क्लब. एडिथ कोवन त्याच्या पहिल्या चिटणीस झाल्या व पुढे अध्यक्षाही. क्लब म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चहा आणि पत्ते येतात. पण येथे आरोग्य, वाङ्मय, कायदा व शिक्षण या विषयांचा पद्धतशीर अभ्यास चाले. सभेत उभे राहून मुद्देसूद कसे बोलावे, ठराव कसा मांडावा, विरोधकाचे म्हणणे शांतपणे कसे ऐकून घ्यावे, याचे धडे स्त्रियांनी येथेच गिरविले. लोकशाहीची ही खरी पाठशाळा होय. या क्लबातील स्त्रियांनी इतर संस्थांच्या साह्याने मताधिकाराची चळवळ चालविली आणि १८९९ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला.

इ. स. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियातील सहा वसाहती एकत्र येऊन संघराज्य बनले व प्रत्येक वसाहत ही त्यातील एक राज्य झाली. राज्याचे स्वतंत्र विधिमंडळ तसेच राहिले. पण त्याचे दार स्त्रियांना बंदच होते. मत देता येई, मत मागता येत नसे. दार उघडण्याची वाट पाहत एडिथबाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. ज्या थोड्या सार्वजनिक जागा स्त्रियांना मोकळ्या होत्या, त्यांपैकी शिक्षण मंडळावर त्या निवडून गेल्या. १९०६ साली बालसंरक्षण संस्थेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. अपराधी मुलांना सराईत गुन्हेगारांच्या रांगेत उभे करू नये, त्यांचा न्याय स्वतंत्र न्यायालयात व्हावा, असा या संस्थेचा आग्रह होता. त्याला यश येऊन १९०७ साली बालन्यायालयाचा कायदा झाला. मोलमजुरी करणाऱ्या मातांनी तान्ही मुले कोठे ठेवावीत, हा प्रश्न पुढे आला, तेव्हा १९०९ साली संस्थेने पाळणाघर काढले.

यानंतर त्यांनी हाती घेतलेले कार्य म्हणजे स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रसूतिगृह. सरकारदरबारी अर्ज, शिष्टमंडळे, वर्गण्या, पुन्हा अर्ज, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालला. प्रत्येक वेळी तिजोरीत पैसा नसल्याचे उत्तर मिळे. अखेरीस १९१६ साली किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय सुरू झाले. ज्या मुलीची आई बाळंतपणात गेली, तिने अर्धशतक उलटण्याच्या आत परक्या मातांसाठी रुग्णालयाचे दार उघडून दिले. याहून आईचे चांगले श्राद्ध दुसरे कोणते असू शकेल?

या साऱ्या कार्यात त्यांना विरोध झालाच नाही, असे समजू नये. आणि तो केवळ पुरुषांकडूनच झाला, असेही नव्हे. साथीच्या व गुप्त रोगांविषयीच्या आरोग्यकायद्यावरून स्त्रियांच्या संस्थांतच तीव्र मतभेद झाले. स्वतः उभारलेल्या विमेन्स सर्व्हिस गिल्ड या संस्थेतून त्यांना १९१७ साली बाहेर पडावे लागले. जे योग्य वाटेल ते मैत्रीची पर्वा न करता बोलण्याचा त्यांचा स्वभाव होता, आणि त्या स्वभावाची किंमतही त्यांनी वेळोवेळी मोजली. १९१५ साली बालन्यायालयाच्या न्यायपीठावर त्यांची नेमणूक झाली. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी अन्नवस्त्रे गोळा करण्याचे व परतलेल्या जवानांची सोय पाहण्याचे काम त्यांनी केले व त्याबद्दल १९२० साली त्यांना सरकारी सन्मान मिळाला. त्याच वर्षी त्या जस्टिस ऑफ द पीस झाल्या.

आणि त्याच १९२० साली विधिमंडळाचे बंद दार उघडले. स्त्रियांना निवडणुकीस उभे राहण्याचा अधिकार देणारा कायदा संमत झाला. तो मांडणारे गृहस्थ म्हणजे राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल टॉमस ड्रेपर. पुढल्याच वर्षी, मार्च १९२१ मध्ये, निवडणूक आली. एडिथ कोवन नॅशनलिस्ट पक्षातर्फे पश्चिम पर्थ मतदारसंघातून उभ्या राहिल्या. या मतदारसंघाचे विद्यमान प्रतिनिधी होते हेच ड्रेपरसाहेब! ज्यांनी स्त्रियांसाठी दार उघडले, त्यांच्याच जागेवर पहिली स्त्री हक्क सांगू लागली. त्या वेळी बाईंचे वय एकोणसाठ. नातवंडांना गोष्टी सांगत बसण्याच्या वयात हे काय, असे म्हणणारे पुष्कळ होते. मुले-बाळे टाकून राजकारणात पडणारी बाई अशी टीकाही झाली. वास्तविक त्यांची सर्व मुले केव्हाच मोठी झाली होती. मतमोजणी झाली, तेव्हा एडिथ कोवन अवघ्या ४६ मतांनी विजयी झाल्या होत्या. त्या निवडणुकीत पाच स्त्रिया उभ्या होत्या. निवडून आलेल्या त्या एकट्याच.

सभागृहात सर्वत्र पुरुष आणि त्यांच्यामध्ये एक वृद्ध स्त्री, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. जुलै १९२१ मधील त्यांच्या पहिल्या भाषणाच्या वेळी मध्येच शेरे मारणारे सभासद होते, हसणारेही होते. त्यांनी न चिडता व न भिता आपले म्हणणे मांडले. स्त्रियांनी विधिमंडळात येणे का आवश्यक आहे, हे सांगताना त्यांनी तत्त्वज्ञानाचा काथ्याकूट केला नाही. आगगाडीतून लहान मुलाची बाबागाडी नेण्यास आयांना वेगळे भाडे पडते, ही तक्रार त्यांनी मांडली. कडेवर जड मूल व दुसऱ्या हातात पिशवी घेऊन रेल्वेमंत्र्यांनी एकदा शहरभर हिंडून पाहावे, असेही त्यांनी सुनावले. विषय दिसावयास क्षुल्लक; परंतु त्यात मोठा अर्थ आहे. ज्याने मूल कडेवर घेऊन कधी गाडी पकडली नाही, त्याला ही अडचण सुचणारच नाही. सभागृहात जे बसलेले नाहीत, त्यांची दुःखे सभागृहाला दिसत नाहीत. ती दिसावीत एवढ्यासाठी प्रत्येक थरातील माणूस तेथे असावा लागतो. लोकप्रतिनिधी या शब्दाचा खरा अर्थ हाच.

तीन वर्षांच्या मुदतीत त्यांनी खाजगी सभासद या नात्याने दोन महत्त्वाच्या सुधारणा घडवून आणल्या. मृत्युपत्र न करता मूल मरण पावल्यास त्याच्या मिळकतीवर आईला वडिलांच्या बरोबरीने हक्क नव्हता. १९२२ साली तो मिळाला. दुसरी सुधारणा याहून मोठी. १९०४ साली एडिथ हेन्स नावाच्या तरुणीला वकिलीच्या परीक्षेस बसू देण्याचे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नाकारले होते. कारण काय, तर वकिलीच्या कायद्यात व्यक्ती असा जो शब्द आहे, त्यात स्त्रीचा समावेश होत नाही! शब्दाच्या अर्थावरून एका हुशार मुलीचे आयुष्य अडविण्यात आले. हा अर्थ बदलण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली. एडिथ कोवन यांच्या प्रयत्नाने १९२३ साली स्त्रियांच्या कायदेशीर दर्जाविषयीचा कायदा संमत झाला आणि केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिली, न्यायदान वा दुसरा कोणताही व्यवसाय यांपासून दूर ठेवता येणार नाही, असे ठरले. योगायोग असा की, त्याच १९२३ साली हिंदुस्थानातही स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी कायद्याचा अभ्यास पूर्ण करून त्यासाठी कितीतरी वर्षे वाट पाहिली होती. महासागराच्या दोन तीरांवर एकच दार एकाच वर्षी उघडले.

असे असता पुढील निवडणुकीत, १९२४ साली, एडिथ कोवन यांचा पराभव झाला. कोणताही प्रश्न पक्षाच्या चष्म्यातून न पाहण्याची त्यांची वृत्ती पक्षाला मानवणारी नव्हती आणि विरोधकांना तर त्या परक्याच होत्या. १९२७ साली त्या पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा हरल्या. पण पराभवाने त्यांचे काम थांबले नाही, कारण ते अधिकारपदाने सुरूच झाले नव्हते. १९२५ साली अमेरिकेत भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेस त्या ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. १९२६ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या इतिहास संस्थेच्या स्थापनेस त्यांनी हातभार लावला. ९ जून १९३२ रोजी, सत्तराव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

स्मारक उभारण्याची कल्पना निघाली, तेव्हाही वाद झालाच. उद्यानाच्या दाराशी एका स्त्रीचे स्मारक कशाला, असे विचारणारे लोक निघाले. तथापि त्यांच्या चाहत्यांनी नेट सोडला नाही व दोन वर्षांनी, १९३४ साली, घड्याळाच्या मनोऱ्याचे अनावरण झाले. दार उघडले म्हणजे लगेच गर्दी लोटते, असे मात्र नसते. १८९४ सालीच स्त्रियांना निवडणुकीस उभे राहण्याचा अधिकार देणाऱ्या दक्षिण ऑस्ट्रेलियात पहिल्या स्त्रिया निवडून आल्या त्या १९५९ साली! संघराज्याच्या संसदेतही १९४३ सालापर्यंत एकही स्त्री नव्हती. त्या मानाने पश्चिम ऑस्ट्रेलियाने बाजी मारली, याचे श्रेय एडिथबाईंच्या तीस वर्षांच्या मशागतीला द्यावे लागेल. मे होल्मन या मजूर पक्षाच्या तरुणी १९२५ सालीच त्यांच्या मागोमाग त्या सभागृहात आल्या.

थोरांचे चरित्र लिहिताना त्यांच्या काळाच्या उणिवा झाकू नयेत. १८९९ साली मिळालेला मताधिकार मुख्यतः गोऱ्या स्त्रियांचा होता. ज्या भूमीवर ही सारी कुरणे, शहरे व सभागृहे उभी राहिली, त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना पश्चिम ऑस्ट्रेलियात मोकळेपणाने मतदान करण्याचा हक्क मिळावयास १९६२ साल उजाडावे लागले. एडिथबाईंनी उघडलेले दार सर्वांसाठी नव्हते. ते आणखी उघडण्याचे काम पुढच्या पिढ्यांना करावे लागले.

१९९१ साली पर्थमधील एका विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. १९९५ सालापासून ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले जाते. नोटेच्या दुसऱ्या बाजूस डेव्हिड युनायपन यांचे चित्र आहे. हे मूळ रहिवाशांपैकी थोर लेखक व संशोधक. २०१८ साली या नोटेची नवी आवृत्ती निघाली. तीवर एडिथबाईंच्या पहिल्या भाषणातील मजकूर डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरांत छापलेला आहे. कोट्यवधी नोटा बाजारात गेल्यावर, २०१९ साली, कोणा चौकस माणसाने भिंगातून पाहिले, तेव्हा त्यात शुद्धलेखनाची एक चूक आढळली. एका इंग्रजी शब्दातील एक अक्षर गळले होते, आणि ते एकदा नव्हे, तीनदा! तो शब्द होता जबाबदारी या अर्थाचा.

विद्यार्थी मित्रांनो, शुद्धलेखनाच्या चुका तुमच्या वहीत रोज आढळतात आणि त्या तांबड्या शाईने सुधारता येतात. त्या शब्दाचा अर्थ आचरणात उतरविणे ही गोष्ट अवघड. सात वर्षांच्या वयात आई गेली, चौदाव्या वर्षी पित्याचे छत्र आणि नावलौकिक दोन्ही गेले, तरी ज्या मुलीने आपल्या दुःखाचे गाऱ्हाणे न मांडता दुसऱ्यांची गाऱ्हाणी सरकारच्या दारी नेली, तिने तो शब्द आयुष्यभर अचूक लिहिला, असेच म्हणावे लागेल.